फोटोग्राफी: पन्नाशीनंतरच रुजणारा छंद?

जुना_टेलिफोटो (धागाकर्ता):
थोडी काडी टाकायला लिहितोय, पण मनापासून. छंद म्हणून फोटोग्राफी खरी रुजते ती पन्नाशीच्या आसपास. त्याआधी माणूस फोटो काढतो ते कशासाठी तरी. आठवण राहावी म्हणून, चारचौघांना दाखवावं म्हणून, कुणावर छाप पडावी म्हणून. एका पक्ष्यासाठी अख्खी सकाळ बसायचं, आणि तो आलाच नाही तरी हसत घरी जायचं, हे विशी-तिशीत कितीजणांना जमतं? पक्षीवाले, मॅक्रोवाले (किडे-फुलं अगदी जवळून टिपणारे), रात्री ट्रायपॉड लावून आकाशाकडे बघत बसणारे, सगळीकडे पांढरी डोकीच जास्त.
इंग्लंडची फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन घ्या. तिला १८६३ च्या नाताळात मुलीने आणि जावयाने कॅमेरा भेट दिला, तेव्हा ती ४८ वर्षांची होती. काचेवर रसायन ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यायचा, लगेच धुवायचा, असला खटाटोप तिने त्या वयात अंगावर घेतला. तिने काढलेले चेहरे आजही संग्रहालयांत आहेत. हाच कॅमेरा तिला लहान मुलांच्या गराड्यात असताना मिळाला असता, तर कपाटात गेला असता.

रिकामी_चौकट:
साफ असहमत. तुम्ही फक्त तुमच्यासारख्यांच्यात वावरता, म्हणून तुम्हाला पांढरी डोकी दिसतात.
फ्रेंच फोटोग्राफर झाक-आंरी लार्तिगचा जन्म १८९४ चा. वडिलांनी सात-आठ वर्षांचा असताना कॅमेरा दिला आणि पोरगं उड्या मारणारी भावंडं, मोटारी, विमानं टिपत सुटलं. जिन्यावरून झेपावणारी त्याची नात्यातली बहीण (सख्खी नव्हे) बिशोनाद, तो फोटो १९०५ चा. म्हणजे फोटोग्राफर अकराच्या आसपास! आणि कोडॅकने १९०० साली ब्राउनी काढला तो साधा पुठ्ठ्याचा डबा, जाहिरातीच मुळी मुलांना डोळ्यासमोर ठेवून केलेल्या. हा छंद सव्वाशे वर्षांपासून पोरांच्या हातात आहे.

जुना_टेलिफोटो:
लार्तिग श्रीमंताघरचा. कॅमेरा, काचा, वेळ, सगळं आयतं. शिवाय त्याचे फोटो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले १९६३ मध्ये, तो सत्तरीला टेकल्यावर.

रिकामी_चौकट:
कौतुक उशिरा झालं म्हणून छंद उशिरा सुरू झाला असं होतं का? फोटो तर लहानपणचेच लावले होते! आणि कॅमेरॉनबाई काय गरीब होत्या?

सावलीवेडी:
दोघांचंही एका बाबतीत जमतंय, ते म्हणजे मधली वर्षं कुणालाच दिसत नाहीत. तिशी-चाळिशीतले आम्ही कुठे आहोत? कॉलेजात कॅमेरा गळ्यात असायचा. मग नोकरी, मग मूल. आता फोनमध्ये हजारो फोटो आहेत आणि जवळपास सगळे एकाच चेहऱ्याचे. आवडत नाही असं नाही, पण त्याला मी छंद म्हणणार नाही, ती नोंदवही आहे. मला स्वतःसाठी सलग दोन तास मिळतील तेव्हा मीही झाडाखाली बसेन. तेव्हा धागाकर्ते, प्रश्न वयाचा नाही, रिकाम्या वेळाचा आहे. तुमच्या पन्नाशीत संयम आलेला नसतो, सुट्टी आलेली असते.

जुना_टेलिफोटो:
सुट्टी तर टीव्हीलाही देता येते. ती कशावर खर्च करायची, तिथे वय बोलतं.

खडूस:
आता कुणीतरी कडू बोलायला हवं. निवृत्तीनंतर फोटोग्राफी "रुजते" म्हणता, पण रुजते ती बऱ्याचदा खरेदी. लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिमीची झूम लेन्स दोनेक किलोची, वर बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा), वर ट्रायपॉड. दोन-चार सहली, मग पाठ धरते, मग सगळं सामान ड्राय कॅबिनेटमध्ये (दमटपणापासून वाचवणाऱ्या कपाटात) आणि मालक लेन्सच्या तुलनांचे व्हिडिओ बघत सोफ्यावर. तरुण निदान फोनने का होईना, रोज काढतात. शिवाय वयापुढे मोठमोठे हात टेकतात. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँने साठी ओलांडल्यावर कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि चित्रं काढत बसला.

मोतीबिंदूनंतर:
खडूस, कार्तिए-ब्रेसाँ थकून थांबला नव्हता, त्याला मुळात चित्रकलाच हवी होती. उलट बाजूची उदाहरणं भरपूर आहेत. आंद्रे केर्तेशने पत्नी गेल्यावर, ऐंशी ओलांडल्यावर, घराच्या खिडकीत काचेच्या वस्तू ठेवून पोलरॉइडवर काय काय काढलं ते बघा. इमोजेन कनिंगहॅमने तर ९२ व्या वर्षी नव्वदीपुढच्या माणसांचे फोटो काढायला घेतले. हे दोघे व्यावसायिक, असं म्हणाल. मग जपानच्या किमिको निशिमोतो घ्या. ७२ व्या वर्षी मुलाच्याच फोटोग्राफी वर्गात जाऊन शिकल्या आणि पुढे स्वतःचेच असे खट्याळ फोटो काढले, कचऱ्याच्या पिशवीत गुंडाळलेली आजी वगैरे, की जगभर लोक हसले. संयम-बिंयम काही नाही, निव्वळ वात्रटपणा. धागाकर्त्यांच्या सिद्धांतात ही बाई बसत नाही.
शरीराचं म्हणाल तर अडचणी आहेत, पण लोक समजतात त्या नाहीत. चाळिशीचा चष्मा लागला की मागचा स्क्रीन धूसर होतो, पण व्ह्यूफाइंडरमधलं (डोळा लावून बघायच्या खिडकीतलं) चित्र डोळ्याला साधारण मीटरभर लांब असल्यासारखं दिसतं, त्यामुळे तिथे अनेकांना वाचायचा चष्मा लागत नाही. शेजारी डायऑप्टरची छोटी चकती असते, ती आपल्या डोळ्याला चित्र स्पष्ट दिसेपर्यंत फिरवून घ्यायची. कितीजण न फिरवताच "आता फोकस दिसत नाही" म्हणून कॅमेरा विकतात! हात थरथरतो त्याला स्टॅबिलायझेशन (हलणं सावरणारी सोय) आहे, शटर स्पीड वाढवा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) चढू द्या, थोडे दाणे दिसले तर दिसले. मला जास्त छळलं रंगांनी. डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळट होतं आणि ते हळूहळू होत असल्याने कळत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि निळा रंग असा अंगावर आला की आधी एडिट केलेले फोटो परत उघडून बसलो.

खडूस:
डायऑप्टरचं माहीत नव्हतं. कार्तिए-ब्रेसाँचंही मान्य. लेन्सच्या व्हिडिओंबद्दल मात्र एक शब्द मागे घेत नाही.

बावीस_वर्षांची:
मला बोलू द्या, कारण इथे माझ्या वयाबद्दल सगळे बोलतायत. माझ्याकडे जुना फिल्म कॅमेरा आहे. छत्तीस फोटोंचा रोल संपायला महिने लागतात, कारण तो महाग असतो आणि मी विचार करते. संयम पन्नाशीला येतो हे कुणी सांगितलं, काका? पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला तो हाफ-फ्रेम, म्हणजे एका रोलमध्ये ७२ फोटो, आणि सरळ धरला की चौकट उभी येते, फोनसारखी. तो फक्त आजोबांसाठी काढला असेल असं वाटतं का?
आणि आम्ही तुमच्या सहलींना का दिसत नाही माहितीये? मी एकदा आले होते. पहिला प्रश्न "कुठली बॉडी?", दुसरा "फक्त हीच लेन्स?", मग न विचारता एक्सपोजर समजावून सांगितलं. फोटो बघायला कुणीच मागितला नाही.

जुना_टेलिफोटो:
काका नको, इथे सगळे आयडी. सहलीचं मात्र लागलं, कारण मीही भेटल्या भेटल्या तेच विचारतो.
तरी आकडे बघा. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०१० मध्ये बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले, २०२० मध्ये एक कोटीही नाहीत. उरले कोण? जे टिकले ते, आणि ते बहुतांशी आमच्या वयाचे.

सावलीवेडी:
"बहुतांशी आमच्या वयाचे" हे त्या आकड्यांत कुठे लिहिलंय? त्यांत कॅमेरे मोजलेत, माणसांची वयं नाहीत. आणि घसरण झाली ती मुख्यतः खिशातल्या कॉम्पॅक्टची, त्यांची जागा फोनने घेतली. फोटो काढणारे कमी झाले नाहीत, तुमच्या मोजणीतून गळाले.

रिकामी_चौकट:
+१. फोनवाल्यांना धरलं तर या छंदाचं सरासरी वय एकदम कोसळेल.

मोतीबिंदूनंतर:
फोनने काढलेला प्रत्येक फोटो छंदात धरला तर सावलीवेडींची नोंदवहीही छंद झाली, आणि त्या स्वतःच नाही म्हणतायत. माझी कसोटी साधी: कुणी मागितलेला नसताना, कुणाला दाखवायचा नसताना फोटो काढता का? हो म्हणणारे दहाचे असोत की नव्वदीचे.

खडूस:
या कसोटीवर पक्ष्यांचे फोटो रोज सकाळी ग्रुपवर टाकणारे सगळे बाद. धागाकर्त्यांसकट.

बावीस_वर्षांची:
😂 आणि मीही. रोल धुऊन आला की आधी मैत्रिणींना पाठवते.
जुना_टेलिफोटो, पुढच्या सहलीला बोलवा. बॉडी विचारायची नाही, एवढीच अट.