भ्रम, भास, आभासी, मिथ्या : काळाला यांतलं काय म्हणावं?

प्रश्न

दोन वाक्यं हल्ली जोडीनेच वाचायला मिळतात. ‘आइन्स्टाइन म्हणतो काळ हा भ्रम आहे’ आणि ‘शंकराचार्य म्हणतात जग मिथ्या आहे’. मग लगेच निष्कर्ष : विज्ञान अखेर वेदान्तापाशी येऊन पोचलं. या निष्कर्षाचं खरंखोटं नंतर पाहू, आधी शब्दांचं विचारते. भ्रम आणि मिथ्या एकाच अर्थाचे शब्द आहेत का? शाळेच्या पुस्तकात आरशातली प्रतिमा ‘आभासी’ असते आणि बातम्यांत चलनही ‘आभासी’ असतं. मग काळ नेमका काय : भास, आभास की भ्रम?

उत्तर

भ्रमापासून सुरू करू. अंधारात दोरी साप वाटली, दिवा आणला, साप गेला. योग्य ज्ञान झालं की जो टिकत नाही तो भ्रम. या टिकून न राहण्याला शास्त्रात ‘बाध’ म्हणतात. बाध होत नसेल तर भ्रम हा शब्द वापरताना थबकायला हवं.

भासाचं तसं नाही. भूगोलाच्या पुस्तकात ‘सूर्याचे भासमान भ्रमण’ असतं. हा मला मराठी पाठ्यपुस्तकांतल्या उत्तम शब्दप्रयोगांपैकी एक वाटतो. पृथ्वी फिरते हे कळल्यावरही सूर्य पूर्वेला उगवताना दिसतोच, आणि फिरत्या पृथ्वीवरून तो तसाच दिसायला हवा. डोळ्यांची काही चूक नाही. प्रकाशशास्त्रातल्या ‘आभासी’चंही तेच. आरशामागे किरण खरोखर एकत्र येत नाहीत, पण प्रतिमा किती अंतरावर पडेल ते गणिताने सांगता येतं आणि तिचा फोटोही निघतो. ‘आभासी चलन’ हा मात्र वेगळा, अलीकडचा अर्थ : हातात धरता येत नाही असं. तिथे बुडालेले पैसे खरेच बुडतात.

आता आइन्स्टाइन. त्याचा जुना मित्र मिकेले बेसो मार्च १९५५मध्ये वारला. त्याच्या घरच्यांना लिहिलेल्या सांत्वनपत्रात ते वाक्य आहे. आइन्स्टाइन स्वतःही पुढच्याच महिन्यात गेला. वाक्याचा आशय असा : आम्हा श्रद्धाळू भौतिकशास्त्रज्ञांच्या लेखी भूत, वर्तमान आणि भविष्य यांच्यातला भेद हा केवळ एक भ्रम आहे, जरी तो चिवट असला तरी. त्याने भ्रम म्हटलं ते या तिघांतल्या भेदाला, काळाला नव्हे. हा एक शब्द गाळला की वाक्य पार बदलतं, आणि मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांच्या चित्रांवर नेमका तोच गाळलेला असतो. काही ठिकाणी तर ‘काळ’ काढून ‘वास्तव’ घातलेलं असतं.

भेद का नाही? कारण आइन्स्टाइनच्या १९०५च्या विशेष सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार दोन दूरच्या घटना एकाच वेळी घडल्या की नाही, हे पाहणाऱ्याच्या गतीवर ठरतं. त्यामुळे अख्ख्या विश्वाला लागू होईल असं एकच ‘आत्ता’ उरत नाही. गणितज्ञ हरमान मिंकोव्स्कीने १९०८मध्ये यावरूनच अवकाश आणि काळ यांची एकत्र मांडणी केली. पण त्या मांडणीतही काळ मोजला जातोच. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. वेग त्यांना सुमारे ७ने मागे ओढतो, उंचीवरचं क्षीण गुरुत्वाकर्षण सुमारे ४५ने पुढे ढकलतं. ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावरची जागा दिवसाला किलोमीटरांनी चुकू लागेल. ज्याचा हिशेब इतका चोख ठेवावा लागतो त्याला भ्रम म्हणणं मला पटत नाही. ‘विश्वाचं एकच आत्ता’ याला भासमान म्हणा. काळाला सापेक्ष म्हणा.

मिथ्या या शब्दाचा घोळ मराठीतच झाला आहे. ‘मिथ्या आरोप’ म्हणजे आपल्याला सरळ खोटा आरोप. वेदान्तात खोट्याला, म्हणजे ज्याचा कधी प्रत्ययच येत नाही त्याला, ‘असत्’ म्हणतात, उदाहरण वंध्यापुत्राचं, म्हणजे वांझेच्या मुलाचं. ज्याचा कधीच बाध होत नाही ते ‘सत्’. जग दिसतं म्हणून असत् नाही, ब्रह्मज्ञानाने बाधित होतं म्हणून सत्‌ही नाही. या दोहोंहून निराळं ते मिथ्या. आणि ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात (२.२.२८–२९) बाह्य वस्तू नाहीतच, आहे ते फक्त मनातलं ज्ञान, असं म्हणणाऱ्या विज्ञानवादी बौद्धांना शंकराचार्य खोडून काढतात. जागेपणीचं ज्ञान स्वप्नासारखं नाही, कारण स्वप्नाचा जागेपणी बाध होतो, असं तिथे स्पष्ट आहे. ‘शंकराचार्यांनी जगाला स्वप्न म्हटलं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी ही दोन सूत्रं जरूर वाचावीत.

शंका

पण भाष्याची सुरुवातच अध्यासाने होते : जे जसं नाही त्यावर तशी बुद्धी. आणि दोरी-सापाचा दृष्टान्त अद्वैती, म्हणजे शंकराचार्यांच्या वेदान्ताचे अनुयायी, जगालाच लावतात. मग भ्रम शब्द चुकीचा कसा?

उत्तर

रास्त आहे, अद्वैताच्या आत भ्रमाची भाषा आहेच. तरी पायऱ्या वेगळ्या ठेवल्या आहेत. दोरीवरचा साप प्रातिभासिक (नुसता भासण्यापुरता खरा), दोरी व्यावहारिक (रोजच्या व्यवहारात खरी), ब्रह्म पारमार्थिक (कायमचं खरं). सापाचा बाध दिव्याने होतो, दोरीचा दिव्याने होत नाही. जगाचा बाध आत्मज्ञानाने होतो असं वेदान्त म्हणतो, कुठल्या घड्याळाने वा दुर्बिणीने नव्हे. म्हणून उपग्रहाच्या घड्याळातून ‘जगन्मिथ्या’ सिद्धही होत नाही आणि खोडलंही जात नाही. माझा आक्षेप या दोन बाधांची गल्लत करण्याला आहे.

दुसरं, ‘अध्यात्म म्हणतं काळ खोटा’ हे तरी कुठलं अध्यात्म? वैशेषिक या प्राचीन दर्शनाने मानलेल्या नऊ द्रव्यांत काळ आहे, आणि तो नित्य नि सर्वव्यापी आहे. योगसूत्रांच्या तिसऱ्या भागावरचं, विभूतिपादावरचं, व्यासभाष्य अधिक बारीक बोलतं : क्षण खरा, पण मुहूर्त, अहोरात्र हे क्षणांचे ढीग बुद्धीने रचलेले, कारण दोन क्षण कधी एकत्र नसतातच. क्षणाचं मापही दिलं आहे, परमाणूला आपली जागा सोडून पुढच्या जागी जायला लागणारा वेळ. हे वाचताना मला दरवेळी अचंबा वाटतो. आणि आपल्या ज्ञानेश्वरांनी ‘अमृतानुभवा’चं सातवं प्रकरण अज्ञानखंडनाला, म्हणजे अज्ञान नावाची काही वस्तू आहे हे मतच खोडण्याला, दिलं. जग हा त्या एकाच चैतन्याचा विलास, त्याला मायेची आड कशाला हवी, असा त्यांचा सूर. रामदासांचा कल वेगळा, ते दृश्याला माया म्हणतात. ‘संतांनी म्हटलं’ असं सरसकट बोलू नये.

(माया शब्दाला मराठीने काय काय दिलं! आईची माया, लाटून जमवलेली माया, आणि शिवणात सोडलेली माया. यांतली एकही भ्रम नाही.)

शंका

काळ आणि वेळ यांत फरक करायचा का? ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ म्हणतो आपण. आणि २०२२च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलनंतर ‘विश्व वास्तव नाही’ असे मथळे आले होते, त्यांचं काय?

उत्तर

फरक जरूर करावा. म्हणीतला काळ म्हणजे मृत्यू, वेळ म्हणजे ठरलेला क्षण. वेळ हा शब्द संस्कृत ‘वेला’वरून आला, त्याचा अर्थ मर्यादा, किनारा, भरती. घड्याळ दाखवतं ती वेळ. मिंकोव्स्कीच्या अवकाशाबरोबर जातो तो काळ. भाषांतर करणाऱ्यांनी हे जपलं तर निम्मा गोंधळ कमी होईल.

नोबेलचं : आस्पे, क्लाउझर आणि झायलिंगर यांच्या प्रयोगांनी जॉन बेलच्या १९६४च्या प्रमेयाची कसोटी घेतली. त्यातून ‘स्थानिक वास्तववाद’ टिकत नाही असं दिसलं. म्हणजे कणाच्या मोजमापाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि दूरच्या मोजणीचा त्यावर परिणाम होत नाही, ही दोन्ही गृहीतं एकत्र धरता येत नाहीत. मथळ्यात ‘स्थानिक’ गळला, ‘वाद’ गळला आणि नुसतं ‘वास्तव नाही’ उरलं. मराठीत लिहायचं तर ‘स्थानिक वास्तववाद फोल ठरला’ असं पूर्ण लिहावं, मथळा लांब झाला तरी चालेल.