ऑरगॅनिक-बायोडायनॅमिक शॅम्पेन: आपल्याकडच्या छोट्या बागाईतदाराला जमंल का?

कडवंची_बाग
राम राम मंडळी. कडवंचीच्या शिवारात आमची बाग हाय, थॉमसन आणि माणिक चमन, दोन्ही खायच्या द्राक्षाच्या जाती. भाऊजी फ्रान्सहून येताना एका छोट्या शेतकरी कुटुंबाची शॅम्पेन, म्हणजे तिथल्या शॅम्पेन भागातली फसफसणारी वाईन, घेऊन आले, लेबलवर ऑरगॅनिक, बायोडायनॅमिक लिहिलंय आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात आरएम. ते लोक म्हणे बाग पण स्वतः करतेत आणि वाईन पण घरीच. केवडा-भुरीला, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगांना, ते मारतेत काय? आणि व्यापाऱ्याच्या तोंडाकडं बघत बसण्यापेक्षा आपल्याला असं काही करता येईल का?

दिंडोरीत_परभणीकर
आरएम म्हणजे जो पिकवतो तोच बनवतो. एनएम असलं की समजायचं, द्राक्षं बाहेरून विकत घेणारी कंपनी. मी वायनरीत कामाला आहे म्हणून सांगतो, सगळा खेळ दुसऱ्यांदा आंबवण्याचा आहे. साधी वाईन तयार झाली की बाटलीत लिटरला साधारण 24 ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून टोपण लावतात, यीस्ट साखर खातं आणि गॅसला बाहेर जायला वाटच नाही म्हणून तो वाईनमध्येच मुरतो, प्रेशर 6 बारच्या आसपास जातं, कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त. मग थंड तळघरात पडून राहायचं. शॅम्पेनमध्ये साध्या बाटलीलासुद्धा कमीत कमी 15 महिने, एकाच सालाच्या द्राक्षांची असली तर 3 वर्षं. नंतर बाटली थोडी थोडी फिरवत उलटी करायची, गाळ मानेत आला की मान गोठवायची, टोपण काढलं की गाळाचा बर्फ फाडकन बाहेर. शेवटी चवीपुरती साखर घालून बूच. तुमच्या बाटलीवर ब्रूट नेचर असलं तर वरून साखर घातलेलीच नाही. तिथं द्राक्ष कच्चं की चांगलं ते लगेच कळतं, मला असल्याच बाटल्या आवडतात.

सेंद्रिय_तुळजापूर
भाऊ, फवारणीचं मी सांगतो. ते पण आपल्यासारखं बोर्डोच मारतेत, मोरचूद-चुना, आणि भुरीला गंधक. फक्त युरोपात मोरचुदातल्या तांब्याला मर्यादा आहे, 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, त्याच्या वर नाही. शॅम्पेनचा भाग थंड आणि पावसाचा, केवडा तिथं पाचवीला पुजलेला, तरी ते एवढ्यात भागवतेत याचं मला लई कौतुक वाटतं. आपल्याकडं ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस गेला की हवा कोरडी, त्या हिशेबानं सेंद्रिय आपल्याला सोपं पडायला पाहिजे.

बायोडायनॅमिक म्हणजे ऑस्ट्रियाच्या रुडॉल्फ स्टायनर या विचारवंतानं 1924 च्या व्याख्यानांत मांडलेली शेतीची पद्धत. त्यातलं शिंगखत मी स्वतः करतो. गाईच्या शिंगात ताजं शेण ठासून थंडीभर जमिनीत पुरायचं, काढलं की काळंभोर, मऊ, वास अजिबात नाही. एकराला 25 ग्रॅम, 13-15 लिटर पाण्यात तासभर एकदा उजवीकडून एकदा डावीकडून ढवळायचं आणि संध्याकाळी जमिनीवर शिंपडायचं. त्यात चंद्राच्या तिथी बघून कामं करतेत, ते मला पटत नाही, पण त्या नादानं माणूस बांधावर रोज जातो, कंपोस्ट करतो, आच्छादन करतो, माझ्या मते माती त्यानंच सुधारते. आणि सर्टिफिकेटला बाग 3 वर्षं बदलाच्या काळात धरतेत, ते आधीच हिशेबात घ्या.

फूडटेक_लातूर
दादा, एक स्पष्ट बोलते. थॉमसनची स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणारी वाईन, चांगली होणार नाही, आंबटपणा कमी पडतो आणि चवीला सपाट. शेनिन ब्लाँ ही वाईनच्या द्राक्षाची जात पाहिजे, आणि तोडणी लवकर, 18 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास, खायच्या द्राक्षाची गोडी येईपर्यंत थांबलात की काम बिघडलं. दुसरं म्हणजे थंडावा. बाटल्यांना वर्षभर 12 डिग्रीच्या जवळपास ठेवायचं आणि आपल्याकडं मे महिन्यात 42 च्या वर, त्यात लाईट जाणं. नारायणगावला 80 च्या दशकात भारतातली स्पार्कलिंग सुरू झाली, नाशिककडं आज मोठ्या कंपन्या करतात, सगळ्यांकडं कूलिंग आहे. घरच्या घरी तर नाहीच, उत्पादन शुल्क खात्याचं लायसन लागतं. मला वाटतं आधी चांगला सेंद्रिय शेनिन पिकवा आणि वायनरीशी लेखी करार करूनच लावा, बाटली नंतर.

कडवंची_बाग
ताई, हे पटलं. एक एकर शेनिन लावून बघावं म्हणतो. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारवटतं, चालंल का?

सेंद्रिय_तुळजापूर
डॉगरिज खुंटावरच करा मग, त्याची मुळं खारं पाणी सोसतेत. फेब्रुवारीत खुंट लावून पावसाळा सरताना त्यावर शेनिनचं कलम भरा. त्याआधी पाणी-माती दोन्ही तपासून रिपोर्ट इथं टाका, बघून सांगतो.