अनुभव धागा: माळ्यावरचा, भंगारातला, पुरातला कॅमेरा

मंडळी, पावसाने जरा उघडीप दिली की मी कपाट रिकामं करून सगळे कॅमेरे ओटीवर उन्हात मांडतो. परवा मांडले तेव्हा शेजारच्या काकूंनी गडग्यावरून विचारलं, "दुकान काढतोस की काय रे?" मोजले तर तेवीस भरले. एकही नवा घेतलेला नाही. तेव्हा तुमचाही जुना फिल्म कॅमेरा कुठे, कसा गवसला ते लिहा. किंमत सांगायची सक्ती नाही (आमच्याकडे घरची मंडळी धागे वाचतात). अट एकच, अनुभव कोकणातला हवा. चोर बाजाराच्या कथा पुष्कळ ऐकून झाल्या.

रत्नागिरी (धागाकर्ता)

सुरुवात मीच करतो. भंगारवाल्याकडे मिक्सरच्या भांड्यांखाली ऑलिंपस ट्रिप 35 दिसला. लेन्सभोवती पोळ्यासारखी ती बुडबुड्यांची काच दिसली की छातीत धडधडायला लागतं. या कॅमेऱ्याला बॅटरी लागत नाही, त्या काचेमागचा सेलेनियमचा पट्टाच उजेड मोजतो. पट्टा मेला असेल तर अर्धा जीव गेला. मी गोल कडं 'ए'वर आणलं, लेन्सवर तळहात ठेवला आणि बटण दाबलं. खिडकीत लाल जीभ वर आली आणि बटण अडकलं. हात काढून दारातल्या उन्हाकडे धरला, टिक्. म्हणजे ठणठणीत! अंधारात लाल दाखवून फोटो नाकारणं हेच तर त्याचं काम.

तेवढ्यात भंगारवाल्यानेही तसंच करून बघितलं आणि स्वतःच म्हणाला, "लाल येतंय, खराब आहे. वजनावर घेऊन जा." काट्यावर चारशे ग्रॅमच्या आसपास भरला. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं अजून थोडं टोचतं, खोटं कशाला बोलू.

दापोली

मी संग्राहक वगैरे नाही, म्हणजे तेव्हा नव्हते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात सासरच्या घराची निम्मी कौलं उडाली आणि माळा आभाळाला उघडा पडला. भिजलेलं सामान खाली उतरवताना पत्र्याच्या ट्रंकेत, उपरण्यात गुंडाळलेला आगफा क्लिक थ्री निघाला. बडोद्याला बनायचा तो, काळा, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हा मामंजींचा. आम्हाला हात लावायची सोय नव्हती."

पाठीमागच्या लाल खिडकीत अंक दिसत होता, 7. म्हणजे आत रोल! 120 चा रोल, बारा चौकोनी फोटोंचा, अर्ध्यावर सोडलेला. नवरा झाकण उघडणारच होता, आणि उजेड लागला की रोल गेला. मी त्याच्या हातून ओढून घेतला, लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी जोरात. खिडकीतून पुढचा कागद दिसेनासा होईपर्यंत कळ फिरवली, मग रात्री गोधडीखाली रोल बाहेर काढला. कागदावर 'इंदू' लिहिलेलं, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा.

माझा भाऊ घरीच फिल्म धुतो. जूनचं पाणी कोमट आणि धुवायला हवं 20 अंशांचं, वर आठवडाभर वीज नाही. शेवटी मच्छीवाल्याकडून बर्फ आणला. धुतलेली फिल्म वर धरली तेव्हा तिला पापलेटचा वास येत होता, हे भाऊ अजून नाकारतो. चार घरं कोरी राखाडी. एकात अंगणाचा कोपरा आणि बैलाच्या शिंगावर ठेवलेला एक हात, बाकी सगळं बुरशीच्या नक्षीखाली गेलेलं. सासूबाईंनी हात ओळखला. बोटातल्या अंगठीवरून.

त्यानंतर मी चार क्लिक थ्री आणि एक आयसोली जमवला. घरी सांगितलंय की तीनच आहेत.

खेड

आमच्या पट्ट्यात घराआड एक माणूस आखातात. सत्तर-ऐंशीच्या दशकात कुवेत-दुबईहून येताना टेपरेकॉर्डर, ब्लँकेट आणि याशिका कॅमेरा ठरलेलं. त्यामुळे मी दुकानं शोधत नाही, लग्नाघरी जातो. जेवणं झाली की म्हाताऱ्यांजवळ बसायचं आणि विचारायचं, "चाचा, तुम्ही कधी परतलात?" दोन याशिका इलेक्ट्रो 35 अशाच मिळाल्या. फिल्म पुढे ओढताना आतून 'ठक्' असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर आतली रबराची चकती कुजली. आणि बॅटरी नसली तरी शटर उडतं, पण कायम 1/500 वर, म्हणून नुसतं शटर वाजलं यावर हुरळू नका. मी हुरळलो होतो.

चिपळूण

22 जुलै 2021. वाशिष्ठीचं पाणी ओसरल्यावर एका फोटो स्टुडिओच्या मालकांनी सामान रस्त्यावर काढलं. पंचनाम्यात 'निकामी' लिहून झालेली जोडलेन्सची याशिका मॅट मी मागितली. म्हणाले, "न्या, मला बघवत नाही." वरचं झाकण उघडलं तर आरशावर गाळाचा थर, त्यात बोट उमटलं. चालत नाही, चालणारही नाही. साफ मी मुद्दाम केली नाही.

सावंतवाडी

आमका काय मोठा गावला नाय. बाजारात एक आजो कोयते-विळे घेऊन बसलेलो, त्यात झेनिट. रशियन, हातोड्यासारखो जड. मी विचारलंय, "केवढ्याक?" आजो म्हणालो, "पैशे नको. माझो एक फोटो काढून दी." काढलंय. दोन महिन्यांनी धुवून नेलंय तर आजो म्हणता, "ह्यो मी न्हय, माझो बापूस दिसता."

गुहागर

माझी तक्रार. ऑनलाइन एकाने "लेन्स काचेसारखी स्वच्छ" म्हणून पेंटॅक्स के1000 विकला. आला तो चामड्याच्या कव्हरात. मोबाइलचा टॉर्च लेन्समधून आरपार मारला तर आत कोळ्याचं जाळं. परत घ्यायला तयार नाही, वर म्हणतो कोकणात आल्यावर धरली असेल बुरशी. दोन दिवसांत?

रत्नागिरी (धागाकर्ता)

गुहागरकर, चामड्याचं कव्हर म्हणजे बुरशीचं माहेर. मी सगळी कव्हरं वेगळ्या पेटीत ठेवतो, कॅमेऱ्याच्या आसपास फिरकू देत नाही. उन्हाने बुरशी मरेल, पण तिने काचेवरच्या मुलाम्यात जे कोरलंय ते जात नाही. कॅमेरे घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर परतून पुन्हा निळे करायचे. तवा जुना घ्या, भाकरीचा नको. (हे अनुभवाने सांगतोय आणि तो अनुभव इथे लिहिणार नाही.)

राजापूर

दापोलीच्या ताईंचं वाचून रडू आलं, कारण मी उलटं केलंय. एका वाड्यात कोनिका मिळाला, आनंदाच्या भरात तिथेच ओसरीवर पाठ उघडली. आत फिल्म होती. भर दुपारी. घरच्या आजी विचारत होत्या, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही." तेव्हापासून आधी रिवाइंडची (फिल्म परत गुंडाळायची) कळ हलक्या हाताने फिरवून बघतो. ताण लागला की आत कोणीतरी आहे.

मालवण

नमस्कार, धाग्यावर नवीन आहे. मामाच्या होडीच्या खोपीत आत्ताच एक कॅमेरा मिळालाय, नाव घासून गेलंय. तुम्ही म्हणता ती कळ थोडी फिरते आणि मग अडते. उघडून बघू का?

राजापूर

नको!

दापोली

हात लावू नका. आधी गोधडी शोधा.