१९६९ ची कॅमेरो: रिम आणि टायरचं माप ठरवायला मदत हवी आहे

रॅलीरिम

नमस्कार मंडळी,

गाडी १९६९ ची शेव्हरले कॅमेरो, मुक्काम मिशिगन. पुढे ११ इंची डिस्क आहेत, पण मूळच्या नाहीत, आधीच्या मालकाने किट आणून बसवल्या आहेत. मागे ड्रम आणि लीफ स्प्रिंग. सध्या चारही बाजूंना १४×७ च्या (व्यास × रुंदी, इंचांत) रॅली रिम आणि २२५/७० आर १४ टायर (रुंदी २२५ मिमी, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १४ इंची). टायरवरच्या तारखेच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३११ आहेत, म्हणजे २०११ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण बाजूला बारीक भेगा दिसतात.

मागे जरा रुंद टायर हवेत, २४५ किंवा २५५, पांढऱ्या अक्षरांचे. पत्रा कापायचा नाही. दोन पर्याय समोर आहेत:

१) टॉर्क थ्रस्ट धाटणीच्या नव्या अॅल्युमिनियम रिम, पुढे १५×७, मागे १५×८.

२) बीएमडब्ल्यूच्या जुन्या १७×८ रिम, ५×१२० (पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास १२० मिमी; कॅमेरोचा पावणेपाच इंच), ऑफसेट +२० (चाकाची बैठक रिमच्या मध्यापासून २० मिमी बाहेरच्या अंगाला). निम्म्याहून कमी किमतीत मिळताहेत. विकणारा म्हणतो, "पावणेपाच इंच म्हणजे १२० च."

काय घ्यावं?

सूतमाप

दुसरा पर्याय आत्ताच सोडून द्या. पावणेपाच इंच म्हणजे १२०.६५ मिमी. फरक ०.६५ चा, म्हणून रिम चढते, नटही घट्ट होतात, आणि घोटाळा तिथेच होतो. प्रत्येक स्टड भोकाच्या मध्यापासून सुमारे ०.३ मिमी सरकलेला राहतो. नटाचा शंकू एकाच अंगाला टेकतो. टॉर्क पाना "टक्" करतो तो स्टड वाकवण्यात गेलेल्या जोरामुळे, रिम दाबली गेली म्हणून नव्हे. पुढे नट सैल होतात किंवा स्टड तुटतो.

ऑफसेटचंही गणित जमत नाही. ८ इंची रिम काठासकट ९ इंच भरते, अर्ध्यात साडेचार, त्यात २० मिमी मिळवले की बॅकस्पेसिंग (बैठकीपासून रिमच्या आतल्या काठापर्यंतचं अंतर) जवळपास ५.३ इंच. एवढी आत जाणारी रिम तुमच्या गाडीला मोजल्याशिवाय लावता येणार नाही.

कोणतीही वापरलेली रिम घेताना शेजारशेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा. ५×४.७५ ला ते ७०.९ मिमी येतं. फोर्ड मस्टँगच्या ५×४.५ ला ६७.२. "जुन्या मसल कारची रिम" एवढ्यावर विश्वास ठेवून लोक मस्टँगची रिम कॅमेरोसाठी उचलतात.

आणि ते २०११ चे टायर नक्षी कितीही असली तरी काढाच. भेगा पडल्यावर रबराचं वय मोजत बसू नये.

ओळंबा

पहिला पर्याय योग्य आहे, पण ऑर्डर देण्याआधी मागची जागा मोजा. "कॅमेरोला बसते" हे दुकानातलं वाक्य फार तर पाच बोल्टांपुरतं खरं असतं.

गाडी सपाट जागेवर घ्या, पुढच्या चाकांना उटी लावा. मागून उचलून स्टँड अॅक्सलच्या नळीखाली ठेवा, चॅसीखाली नको. चॅसीवर उचलली की अॅक्सल लोंबकळतो आणि माप खोटं येतं. चाक काढा. मडगार्डच्या काठाच्या आतल्या दुमडीवरून ओळंबा सोडा. ड्रमच्या ज्या तोंडावर रिम बसते तिथून दोरीपर्यंतचं आडवं अंतर ही बाहेरची जागा. त्याच तोंडापासून आत, लीफ स्प्रिंग किंवा आतला पत्रा यांपैकी जे आधी येईल तिथवर, ही आतली जागा. तोंडावर साधी सरळ पट्टी आडवी धरली की सोपं जातं.

दोन्ही बाजू मोजा. या गाड्यांत अॅक्सल बरोबर मध्यभागी सापडला तर नवल. स्प्रिंगचे बुश (टोकांचे रबरी तुकडे) चेपलेले असतील तर आधी ते बदला, मग मोजा.

रॅलीरिम

मोजलं. डावीकडे आत ५¾, बाहेर ५½. उजवीकडे आत ५½, बाहेर ५¾. बुश दोन वर्षांपूर्वीचे आहेत, ठीक वाटले.

ओळंबा

उत्तम. एकूण जागा दोन्हीकडे सव्वाअकरा आणि अॅक्सल एक सूत (इंचाचा आठवा भाग) डावीकडे. म्हणजे अडचणीच्या जागा दोन: डावीकडची बाहेरची आणि उजवीकडची आतली, दोन्ही साडेपाच.

१५×८ रिम साडेचार बॅकस्पेसिंगची घेतली की ऑफसेट शून्य, टायर दोन्हीकडे निम्मा निम्मा. २४५/६० आर १५ ची रुंदी ७ इंची रिमवर साधारण ९.८ इंच असते. रिम अर्धा इंच रुंद केली की टायर ०.२ ने फुगतो, म्हणून ८ वर १०.२ धरा. निम्मे ५.१. साडेपाचातून वजा केले की ०.४ इंच, म्हणजे तीन सूत मोकळे. मला पुरेसे वाटतात. वळणावर बुश दबून अॅक्सल थोडा आडवा सरकतो, त्याला एवढं लागतंच.

२५५ घातलात तर दोन्हीकडे आणखी ५ मिमी जातात, जेमतेम दीड सूत उरतो. पेट्रोलची टाकी भरून मागे दोघं बसले की काठ टायरला लागणार. मग दुमडी लाटून घ्यायची आणि रंगाला तडा गेला की हळहळायचं. २४५ च घ्या. लोड इंडेक्स १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, या गाडीला भरपूर.

तुमच्या २२५/७० आर १४ चा व्यास २६.४ इंच आणि याचा २६.६. स्पीडोमीटरचा गियर बदलायची गरज नाही.

सूतमाप

मागचं जमलं. पण खरी मेख पुढे आहे, ते डिस्कचं किट. काही किटांमुळे चाकाची बैठक मूळ ड्रमपेक्षा बाहेर येते, कधी अर्धा इंचसुद्धा. १५×७ ला सव्वाचार बॅकस्पेसिंग हे नेहमीचं माप. बैठक चार सूत बाहेर असेल तर तीच रिम पावणेचारची असल्यासारखी उभी राहते आणि २२५ चा टायर मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला घासतो, तेही पूर्ण वळवून खड्ड्यात गेल्यावर. दुकानासमोर फिरवून कळत नाही.

उपाय म्हणून कुणी पावणेपाचची रिम सुचवेल. १५ इंची रिमची पोकळी लहान असते, आतली कड टाय रॉडच्या (चाक वळवणाऱ्या दांडीच्या) टोकाला टेकू शकते. म्हणून आधी सध्याची १४ ची रिम काढून उपडी ठेवा, मागच्या काठावर पट्टी ठेवून बैठकीपर्यंत खोली मोजा (टायर काठाबाहेर फुगला असेल तर तेवढं वजा करा). मग चाक चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून, आत टाय रॉड आणि अँटीरोल बार, बाहेर मडगार्ड, सगळीकडे किती जागा उरते ते लिहून घ्या. नव्या रिमचा हिशेब त्यावरून मांडा. खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन वर दाबूनही एकदा बघा.

आणि कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग. रिमचा व्यास पुरेसा असला तरी आरा आतून कॅलिपरला लागू शकतो. एक रिम आधी मागवा, टायर न चढवता लावून हाताने फिरवा. टायर चढवलेली रिम कुणी परत घेत नाही.

पानाछाप

नटांबद्दल कुणी बोललंच नाही.

मूळ स्टड ७/१६ इंची, इंचाला २० आटे. रॅलीचे जुने नट नव्या रिमला लावू नका. नव्या रिमची बैठक ६० अंशांच्या शंकूची आहे की सरळ दांड्याच्या, वॉशर लागणाऱ्या नटांची, ते बघून नट घ्या. अॅल्युमिनियम रिमची बैठक पोलादीपेक्षा जाड असते, त्यामुळे स्टड आखूड पडतो. हाताने नट फिरवून पूर्ण फेरे मोजा. निदान नऊ हवेत, स्टडच्या व्यासाइतके आटे तेवढ्यात धरतात. सहा-सातच भरले तर लांब स्टड बसवा.

लांबट भोकांच्या, सरकत्या वॉशरच्या "सगळ्यांना बसणाऱ्या" जुन्या रिम स्वस्तात दिसतील. वॉशर उलटसुलट लागला की चाक मध्यावर बसत नाही. नकोच.

रॅलीरिम

फेरे मोजतो. पुढे २१५/६५ घेऊ की २२५/६०? आणि अलाइनमेंट मूळ पुस्तकातल्या आकड्यांवर चालेल?

ओळंबा

२१५/६५ आर १५. व्यास २६ इंच, मागच्यापेक्षा किंचित कमी, म्हणून गाडी नाकावर थोडी झुकलेली दिसते, आणि किटच्या भानगडीत १० मिमी रुंदी वाचते. २२५/६० चा २५.६, दिसायलाही जरा खुजा.

पुस्तकातले आकडे त्या काळच्या बायस (आडव्यातिडव्या धाग्यांच्या) टायरसाठी आहेत. रेडियलला वरच्या आर्मचे शिम (पातळ पट्ट्या) बदलून कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) +३ अंशांच्या आसपास, कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) उणे अर्धा, टो-इन (चाकांची तोंडं किंचित आत वळलेली) अर्धा सूत सांगा. कॅस्टर वाढवला की चाक मडगार्डच्या वेगळ्या कोपऱ्याजवळ जातं, म्हणून घासण्याची तपासणी अलाइनमेंटनंतर पुन्हा करा.

हवा ३० पीएसआयपासून सुरू करा. टायरवर आडवी खडूची रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडं चालवा. मधलीच पुसली तर हवा जास्त, कडा पुसल्या तर कमी.

पानाछाप

नट चांदणीच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, शेवटी ७० ते ८० फूट-पौंड. रिमसोबतच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो. टायरवाल्याला इम्पॅक्ट गन लावू देऊ नका. अॅल्युमिनियम बसतं, म्हणून ५० मैलांनी गार चाकावर पुन्हा पाना लावा.