मिठाखालचं तेल, व्हीएसपी आणि माझा तिरका परावर्तक – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एमएस्सी जिओफिजिक्स, शेवटचं वर्ष. प्रोजेक्ट मेक्सिकोच्या आखातासारख्या, मिठाच्या जाड थराखालच्या तेलसाठ्यांवर. गाव शिरोडा, त्यामुळे "मिठावर काम करतोय" म्हटल्यावर आजोबांचा प्रश्न ठरलेला: "मिठागरां हयच असत, मग इतक्या लांब कित्याक गेलंस?"

मला कळलंय ते असं. सर्वेक्षणासाठी जमिनीत सोडलेल्या ध्वनिलहरींचा मिठातला वेग सेकंदाला साधारण ४५०० मीटर, बाजूच्या गाळाच्या खडकात बराच कमी. त्यामुळे सीमेवर लहर चांगलीच वाकते, आणि ती सीमा सहसा सपाट नसते. पृष्ठभागावरच्या सर्वेक्षणात लहर मिठातून खाली जाते आणि खालच्या थरावरून परावर्तित होऊन पुन्हा मिठातूनच वर येते. व्हीएसपीत (व्हर्टिकल सेस्मिक प्रोफाइलिंग) जिओफोन, म्हणजे कंपनं टिपणारी यंत्रं, विहिरीच्या भिंतीला दाबून बसवतात. विहीर मिठापार गेली असेल आणि जिओफोन त्याखाली असतील, तर मिठातली परतीची फेरी वाचते.

पण जातानाची फेरी उरतेच ना? इथेच गाडी अडलीय. बोट एअरगनचे (दाबलेली हवा सोडून लहरी निर्माण करणारं यंत्र) शॉट मारत विहिरीपासून लांब जाते, असा सिंथेटिक डेटा (संगणकावर बनवलेला) केला. मॉडेलमध्ये एका बाजूला मिठाचा तळ मुद्दाम २०० मीटर चुकवला. गाळातला वेग सेकंदाला ३००० मीटर धरला तर फरक फक्त २२ मिलिसेकंदांचा, पण सपाट परावर्तक (लहर परत पाठवणारा थर) त्या बाजूला तीसेक मीटर सरकला!

त्याच शॉटची थेट लहरही (परावर्तित न होता जिओफोनपर्यंत येणारी) त्याच मिठातून येते. तिची वेळ वजा केली तर मीठ हिशेबातून जाईल का? सर म्हणतात, "करून बघ." करून बघितलं, जवळचे शॉट सुधारले, लांबचे नाही.

प्रतिसाद १: लांबच्या शॉटच्या दोन लहरी मिठातल्या वेगवेगळ्या जागांतून येतात, नुसती वजाबाकी पुरणार नाही. आधी खाली जाणाऱ्या आणि वर येणाऱ्या लहरी वेगळ्या कर. मग एका जिओफोनवरची खाली जाणारी लहर दुसऱ्यावरच्या वर येणारीशी कोरिलेट कर (एकमेकींवर सरकवून जुळणी बघ) आणि सगळ्या शॉटची बेरीज घे. पहिला जिओफोनच जणू स्रोत होतो. मिठाचा आकार माहीत नसला तरी चालतं, फक्त जिओफोनखालचा वेग नीट हवा. चित्र मात्र विहिरीच्या आसपासचंच मिळेल.

प्रतिसाद २: मुंबई हाय १९७४ साली सापडलं, ते चुनखडकात; तिथे मीठ आडवं येत नाही. पण दख्खनच्या बेसाल्टखाली बघायचं म्हटलं की आमचीही हीच रड.

धागाकर्ता: आभार! माझे जिओफोन १२च आहेत, १५-१५ मीटरवर. लहरी वेगळ्या करायला एवढे पुरतील, की मॉडेलमध्ये वाढवू?