फणसाडचे जंगल आणि काशीदचा किनारा एकाच दिवशी पाहता येतील का?

प्रश्न

डिसेंबरमध्ये आम्ही सहा मित्र मुंबईहून फणसाड अभयारण्यात पायी फिरण्यासाठी जाणार आहोत. पहाटे निघून दुपारपर्यंत जंगल पाहावे आणि सूर्यास्ताला काशीदचा किनारा गाठावा, असा बेत आहे. एकाचा गुडघा नुकताच दुखावला असून दोघांनी आजवर जंगलात पाऊल ठेवलेले नाही. शेकरू दिसावे ही मात्र सर्वांचीच इच्छा आहे. हा कार्यक्रम एका दिवसात बसेल काय?

उत्तर १

बसेल, पण शेकरू बहुधा हुकेल. ते सकाळी आणि उन्हे कलल्यावर हिंडते व भर दुपारी फांदीवर पसरून विश्रांती घेते. मुंबईहून पहाटे निघालात तरी रेवदंड्याचा पूल ओलांडून अभयारण्याच्या प्रवेशद्वाराशी, सुपेगावला, पोहोचेपर्यंत त्याची सकाळ सरत आलेली असेल. म्हणून आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. आम्ही आठ जण गेलो होतो तेव्हा कोणाच्या तरी पिशवीतला स्टीलचा डबा पावलागणिक वाजत होता, आणि दोन तासांत आम्हाला दिसली ती उंच झाडाच्या शेंड्याजवळची शेकरूची काटक्या-पानांची गोल घरटी. डबा रिकामा करून गुंडाळून ठेवल्यावर डोक्यावरून खडखडाटासारखा आवाज आला आणि धडापेक्षा लांब शेपटी एका झाडावरून दुसऱ्यावर गेली. वाटाड्या स्थानिकच घ्यावा, कारण ही घरटी त्याला नेमकी ठाऊक असतात.

उत्तर २

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे; फक्त गुडघ्याचा विचार अधिक गांभीर्याने व्हावा असे वाटते. डिसेंबरात वाट कोरडी असली, तरी सुक्या पाचोळ्याखाली सुटे दगड लपलेले असतात आणि उतारावर पाय तिथेच सरकतो. येथे पाणवठ्याला ‘गाण’ म्हणतात. जंगल सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे आहे, तेव्हा सगळे पालथे घालण्याच्या भरीस न पडता एखाद्या गाणापर्यंत जाऊन तासभर निमूट बसावे आणि आल्या वाटेने परतावे. १९८६ मध्ये अभयारण्य होण्यापूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची राखीव जागा होती, आणि सावज पाण्यावर येते हे त्या शिकाऱ्यांनाही ठाऊक असणारच. गवतातून जाताना पँट मोज्यांत खोचावी. गोचिडी चावल्याचे घरी आल्यावर कळते.

उत्तर ३

किनाऱ्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडचा जुना ठोकताळा असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे नेमक्या सूर्यास्ताला पाणी चढलेले असेल आणि चालायला वाळू अरुंद उरेल. पौर्णिमेला किंवा अमावास्येला भरती दुपारीच होऊन जाते आणि संध्याकाळी वाळू मोकळी मिळते. मात्र त्या दिवसांत ओहोटीची ओढही जबर असते. पाय भिजवण्यापलीकडे पाण्यात उतरू नये. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून घ्यावी.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पौर्णिमेच्या जवळचा शनिवार-रविवार धरून शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला येण्याचे ठरवले आहे. गुडघा दुखावलेला मित्र गाणापर्यंतच येईल, आणि डबे स्टीलऐवजी कापडात बांधलेल्या भाकऱ्यांचे असतील.