मदत हवी आहे: आय-७५१ लटकलेलं असताना अमेरिकी आर्मीत सही करावी का?

बोगद्यापलीकडचा (धागाकर्ता)

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज अडलोय म्हणून लिहितोय. लांबण लागणार, आधीच माफी मागतो.

मी सातारा तालुक्यातला. २०१९ साली एमएससाठी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, आलो. जानेवारी २०२२ मध्ये लग्न झालं. बायको इथेच जन्मलेली, अमेरिकन नागरिक. सासरे मूळचे डोंबिवलीचे. मार्च २०२३ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं, पण तेव्हा लग्नाला दोन वर्षं पुरी नव्हती, म्हणून दोनच वर्षांचं, अटींचं कार्ड. अटी काढायचा अर्ज, म्हणजे आय-७५१, दोघांच्या सहीने वेळेत भरला, ७५० डॉलर मोजले. पावतीचं पत्र आलं की कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवली आहे. त्यानंतर जी सामसूम आहे ती आजतागायत.

आता आर्मीचं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. मीही बारावीनंतर दोनदा भरतीला उतरलो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारले, आणि मेडिकलला गुडघे चिकटतात म्हणून बाहेर काढलं. तो कागद वडिलांनी अजून ट्रंकेत ठेवलाय. इथे आल्यावर इंजिनिअरिंगची नोकरी बरी चाललीय, पण ऑफिसच्या वाटेवर रिक्रूटरचं दुकान लागतं आणि रोज मान वळते. बायकोच म्हणाली, एकदा आत जाऊन तरी ये.

गेलो. पहिल्या रिक्रूटरने कार्ड हातात घेतलं आणि त्याचा अंगठा थेट मुदतीच्या तारखेवर गेला. 'एक्स्पायर्ड.' मी खिशातून चार घड्या घातलेलं मुदतवाढीचं पत्र काढलं. त्याने ते उजेडात धरून वाचलं, कुणाला तरी फोन केला, आणि नवं कार्ड आलं की ये म्हणाला. पुढच्या आठवड्यात वीसेक मैलांवरच्या दुसऱ्या रिक्रूटरकडे गेलो. त्याने तेच पत्र बघून 'नो प्रॉब्लेम' म्हणत कॉफी पाजली. पंधरा दिवसांत मेप्सला, म्हणजे मेडिकल आणि परीक्षेच्या केंद्रावर, नेतो म्हणतोय. दोघांच्या भिंतीवर पोस्टर मात्र एकच.

तर खरं काय? हे पत्र चालतं की नाही? ट्रेनिंगला दहा आठवडे गेलो आणि नेमकी आय-७५१ ची मुलाखत लागली तर? नवरा-बायको वेगळे राहतात म्हणून लग्नावरच शंका घेतील का? आणि फौजेत गेलं की नागरिकत्व लगेच मिळतं म्हणतात, त्यात तथ्य किती?

वय २९ आहे. घरी आईला अजून काही बोललेलो नाही.

जुनाखाकी

भाऊ, मी २०१४ मध्ये 'मावनी' योजनेतून गेलो, हिंदी येत होतं त्या जोरावर. तेव्हा ग्रीन कार्ड नसतानाही घेत. ती योजना २०१६ मध्ये गोठली, ती गोठलीच. त्यामुळे आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) अजून मंजूर न झालेले किंवा नुसत्या वर्क परमिटवरचे जे कोणी हा धागा वाचत असतील त्यांनी रिक्रूटरच्या दारात चपला झिजवू नयेत. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक, कायद्यात साधारण एवढंच बसतं (मायक्रोनेशिया, मार्शल बेटं आणि पलाउवाले सोडून).

तुझं तसं नाही. अटींचं कार्डही कायद्याने पर्मनंट रेसिडेन्सच असतं, आणि आय-७५१ चा निकाल लागेपर्यंत तो दर्जा टिकतो. भरतीच्या कायद्यात दोन वर्षांचं आणि दहा वर्षांचं असा भेद नाही. भेद करतो तो टेबलामागचा माणूस, कारण पुढे फाइल परत आली तर बोलणी त्याला बसतात. त्यामुळे पहिल्यावर रागावू नकोस आणि दुसऱ्याच्या कॉफीवर भाळू नकोस. मेप्सला जायच्या आधी दुसऱ्याला सांग, हे पत्र आणि कार्ड तुमच्या वरच्या ऑफिसने मान्य केल्याचं ईमेलवर कळवा. तोंडी 'नो प्रॉब्लेम' हा काही शासन निर्णय नाही. शिवाय इमिग्रेशनच्या कार्यालयात जाऊन पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे ग्रीन कार्डधारक असल्याचा, शिक्का मारून मिळतो का ते बघ. पत्रापुढे जे कुरकुरतात ते शिक्क्यापुढे गप्प बसतात.

नागरिकत्वाबद्दल. भरतीची शपथ घेतली म्हणजे नागरिक झालो, हा गैरसमज माझ्या तुकडीतही होता. अर्ज तुलाच करायचा असतो, एन-४००, आणि सोबत एन-४२६, ज्यावर तुझी सेवा सन्मानाची आहे असं कर्नल दर्जाचा अधिकारी लिहून देतो. अर्जाला फी नाही. शांततेच्या काळात एक वर्ष सेवा लागते. पण सप्टेंबर २००१ पासूनचा काळ युद्धाचा धरला जातो, बुश यांनी जुलै २००२ मध्ये तसा आदेश काढला आणि तो अजून चालू आहे. त्या कलमाखाली, ३२९ म्हणतात, ग्रीन कार्डाला अमुक वर्षं झाली पाहिजेत ही अट नाही आणि आय-७५१ निकाली निघण्याची वाटही बघावी लागत नाही. मी फोर्ट जॅक्सनला ट्रेनिंगच्या शेवटी नागरिक झालो. सकाळी चिखलात लोळलो आणि दुपारी त्याच बुटांना पॉलिश करून हात वर केला.

पण कागदावर सही करण्याआधी हे ऐक. पाच वर्षं सन्मानाने पुरी व्हायच्या आत वाईट शेऱ्यावर बाहेर पडलास तर हे नागरिकत्व काढून घेता येतं. आणि करार चार वर्षांचा दिसला तरी राखीव दल धरून एकूण बांधिलकी आठ वर्षांची असते.

कागदपत्रे_काकू

मी वकील नाही, पण मुलीचं आय-७५१ मीच फाइल लावून दिलं होतं, म्हणून दोन गोष्टी.

वेगळं राहण्याची भीती बाळगू नका. नोकरीमुळे किंवा ट्रेनिंगमुळे लांब राहणं आणि संसार मोडणं यातला फरक त्यांना कळतो. उलट भरती झाल्यावर बायकोचं नाव आर्मीच्या कुटुंब नोंदणीत लागतं, तिचा आरोग्य विमा त्यातून निघतो, तुमच्या जीवन विम्यावर वारस म्हणून तिचं नाव येतं. हे सगळे पुरावेच झाले. त्यांच्या प्रती आय-७५१ च्या फाइलला जोडत राहा.

खरी भीती टपालाची. ट्रेनिंगमध्ये फोन काढून घेतात. बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची तारीख घरी आली आणि कुणी पाहिली नाही तर अर्ज गैरहजेरीत जाईल. बायकोला ऑनलाइन खात्याचा पासवर्ड देऊन ठेवा, पत्ता बदलला तर १० दिवसांत एआर-११ भरा. माझ्या मुलीची नोटीस शेजाऱ्याच्या पेटीत तीन आठवडे पडून होती, तेव्हापासून मी पोस्टमनशी गप्पा मारते.

सावकाश

मला एक कळत नाही, एवढी घाई कशाला? ग्रीन कार्ड मार्च २०२३ चं. नागरिकाशी लग्न असेल आणि संसार एकत्र असेल तर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, तोही ९० दिवस आधी. म्हणजे तुमचा एन-४०० येत्या डिसेंबरात जाऊ शकतो. आय-७५१ तेव्हाही लटकलेलं असलं तरी पुष्कळदा दोन्हींची मुलाखत एकत्र घेतात. नागरिक होऊन गेलात तर रिक्रूटरसमोर पत्राच्या घड्या उलगडायची वेळच येणार नाही.

आणि नोकरीचा प्रकार बघा. नागरिक नसलेल्याला सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय कामाची परवानगी, मिळत नाही. तुमच्या रिक्रूटरने कामांची यादी दाखवली असेलच, त्यातली किती खोडली?

बोगद्यापलीकडचा

@सावकाश, बरोबर नस पकडलीत. यादी दोन पानी होती. सिग्नल, इंटेलिजन्स, ड्रोन, ज्यावर माझा डोळा होता ते सगळं त्याने पेनाने खोडलं. उरलं ते ट्रक चालवणं, गाड्यांची दुरुस्ती आणि स्वयंपाकघर. मेकॅनिकलमध्ये एमएस करून भात शिजवायला माझी ना नाही, पण आजोबा हसतील.

रोखठोक७७

अग्निवीर नको, पण अंकल सॅमची चाकरी चालते. छान.

कागदपत्रे_काकू

@रोखठोक, मदतीचा धागा आहे. त्यासाठी चालू घडामोडींमध्ये जागा भरपूर आहे.

परतवारी

इतकी सगळी चर्चा झाली आणि मुख्य गोष्ट कुणी काढली नाही. ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते कार्ड.

अमेरिकन नागरिकत्व घेतलं की भारताचं त्याच क्षणी जातं, दुहेरी आपल्याकडे नाही. मग आपण सगळे ओसीआय कार्ड काढतो आणि आयुष्यभर बिनव्हिशाचं ये-जा करतो. पण परदेशी सैन्यात असलेल्याला, किंवा निवृत्त झालेल्यालासुद्धा, ओसीआय मिळत नाही. अर्जाच्या सूचनांतच लिहिलंय. लोक तिथवर वाचत नाहीत, फोटोचा आकार बघून थांबतात.

म्हणजे आईला भेटायला जाताना दर वेळी व्हिसा. सेवेत असताना वरून परवानगी वेगळी. हे तुमच्या सहीपूर्वी तुम्हाला माहीत हवं. वाढलेलं कार्ड, न वाढलेलं कार्ड ही दोन-तीन वर्षांची डोकेदुखी आहे, ही कायमची.

जुनाखाकी

@परतवारी म्हणतात ते खरं आहे. पहिल्या प्रतिसादात मी हे लिहिलं नाही. विसरलो नव्हतो, लिहायला हात वळला नाही. वडील गेले तेव्हा मी टेक्सासमध्ये होतो. रजा दुसऱ्या दिवशी मंजूर झाली, व्हिशाला जे दिवस लागले ते लागलेच. दहाव्याला पोचलो.

तरीही पुन्हा विचारलंस तर मी सही करेन. पण आईला सांगून करेन.

बोगद्यापलीकडचा

दोन दिवस लिहिलं नाही. ओसीआयचं वाचून बधिर झालो होतो.

काल आईला फोन केला. मला वाटलं होतं रडेल. ती म्हणाली, "तुझ्या आज्जीनं दहा-दहा महिने वाट बघितली, मी काय निराळी आहे व्हय? पण गुडघ्याचं सांगितलंस का त्यांना?" आता हे मेप्सच्या डॉक्टरांना सांगावं लागणारच, फॉर्मवर पूर्वीच्या तपासण्या विचारतात. वडील मात्र बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, जमिनीचं काय?

तो प्रश्न माझ्या डोक्यातच नव्हता. आजोबा वारले तेव्हा मी गावातच होतो आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून वडील, काका आणि मृत्युपत्राने माझंही नाव लागलंय. १७ गुंठे, त्यातला निम्मा ओढ्यात.

ठरलंय ते असं: दुसऱ्या रिक्रूटरला मेप्स पुढे ढकलायला सांगितलं, त्याची कॉफी बंद झाली. डिसेंबरात एन-४०० भरणार. नागरिक होऊन मगच दार ठोठावणार, आणि तेव्हाही बायकोला व मला तसंच वाटत असेल तर. ओसीआयचा तिढा त्याने सुटत नाही हे कळतंय.

जुनाखाकी

जमीन जात नाही. भारतात राहत असताना नावावर आलेली मालमत्ता परदेशी नागरिक झाल्यावरही ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेणं तेवढं विसर. पण क्लिअरन्ससाठी एसएफ-८६ नावाचा मोठा फॉर्म भरशील त्यात परदेशातली मालमत्ता आणि परदेशातले नातेवाईक लिहावे लागतात. १७ गुंठे तर १७ गुंठे, लिही. लपवलं की नडतं, लिहिलं की फक्त चार प्रश्न जास्त विचारतात. मला एकाने 'गुंठा' म्हणजे काय ते अर्धा तास विचारलं होतं.

बोगद्यापलीकडचा

मग एक शेवटचं. न्यू जर्सीत किंवा ऑनलाइन, सातबारा उताऱ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून देणारं कुणी माहीत आहे का? 'पोटखराबा' आला की सगळे हात वर करतायत.